जुना कॅमेरा बदलताना

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्यप्रदेशाचा दक्षिणेकडील संत्र्या-कपाशीचा मुलूख. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्यप्रदेशातच राहिला. पुढे 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तहसील त्यात आली. कारभाराची भाषा हिंदी असली तरी घरातील मराठी सुटलेली नाही. तद्वतच घरातील आणखीही एक वस्तू सुटलेली नाही. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, कातडी म्यानात, कापराच्या वासात निजलेला जुना कॅमेरा पुष्कळ घरांत अद्याप सापडतो. कुठे तो बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री असतो. 12 चित्रांचा रोल आणि ऊन वा ढग अशा खुणा पाहून खटका दाबणे, एवढाच त्याचा संसार. कुठे रशियन झेनिट असतो, तर कुठे 1980 नंतर घरोघरी शिरलेला याशिका. हा कॅमेरा मोडलेला नसतो. त्याचे शटर अजून खणखणीत वाजते. तरीही एके दिवशी हौशी छायाचित्रकाराला तो बाजूस ठेवून डिजिटल कॅमेरा घ्यावा लागतो, आणि ही अदलाबदल वाटते तितकी सरळ नसते.

ती करावी लागण्याचे कारण कॅमेऱ्यात नाही, त्याच्या पोटातल्या फिल्ममध्ये आहे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळी तालुक्याच्या गावीही मिळत असे. तो कारखाना आता बंद आहे. कोडॅक कंपनीने आपली विख्यात कोडाक्रोम फिल्म 2009 साली थांबविली आणि 2012 च्या आरंभी त्या कंपनीलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फिल्म जगातून नाहीशी झाली असे मात्र नव्हे. ती आजही निघते व तिचे नवे भक्तही आहेत. पण ती परदेशातून येते, महाग पडते, आणि लहान गावांतील स्टुडिओंत रोल धुण्याची जी सोय होती ती मोडली. पांढुर्ण्याच्या छायाचित्रकाराने रोल मोठ्या शहरी पाठवावयाचा, काही दिवस वाट पाहावयाची आणि मग कळावयाचे की तिसऱ्याच चित्रानंतर फिल्म दातेरी चाकावरून निसटली होती!

घरी रोल धुणारांचे हाल तर निराळेच. कृष्णधवल फिल्म धुण्याचे द्रावण साधारण 20 अंश सेल्सिअस उष्णतेचे असावे असा नियम आहे. वैशाखात येथे गच्चीवरील टाकीतले पाणी हाताला चटका देते. माठात बाटल्या बुडवून, बर्फाचे खडे टाकून ज्यांनी हा नियम पाळला त्यांच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. रंगीत रोलचे द्रावण 37.8 अंशांवर सव्वातीन मिनिटे ठेवावे लागते. तेथे उन्हाळा निदान अर्धे काम फुकट करून देत असे.

डिजिटल कॅमेऱ्यात हे सारे कोठे गेले? फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की त्यांत अदृश्य फरक होतो आणि द्रावणात तो काळ्या चांदीच्या रूपाने उघडा पडतो. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर लक्षावधी बारीक घरे असून प्रत्येक घरात पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्‌भार साठतो. तो भार मोजून त्याचा आकडा लिहून ठेवला की चित्र झाले. या मार्गाचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी घातला. त्याबद्दल त्यांना 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने कोडॅकमध्येच बनविला. एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास त्याला 23 सेकंद लागत, आणि त्या चित्रात एकंदर 10,000 बिंदू असत. फिल्म विकणाऱ्या घराण्यातच फिल्मचा वैरी जन्माला यावा, हा योग विलक्षण खरा.

या घरांना रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवितात: चारांतील दोन हिरवी, एक लाल, एक निळी. ही मांडणी ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट 1976 चे. उरलेले रंग शेजारच्या घरांवरून हिशोबाने भरले जातात. तेव्हा डिजिटल चित्र म्हणजे काही अंशी मोजलेले आणि काही अंशी अंदाजलेले चित्र होय. हे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. फिल्मचे रंगही कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञाने आपल्या अंदाजानेच ठरविलेले असत.

खरी अडचण सवयीची आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्म वापरणारा मनुष्य उजेड थोडा जास्तच देण्यास शिकलेला असतो. निगेटिव्हवर प्रकाश कमी पडला तर सावलीचा भाग कोरा राहतो, पण जास्त पडला तर प्रिंट काढताना पुष्कळ सावरता येते. डिजिटलचा स्वभाव नेमका उलट. घर एकदा काठोकाठ भरले की त्यात अधिक प्रकाश मावत नाही, आणि जे सांडले ते सांडले. कार्तिकात सौंसरकडच्या रानात फुटलेल्या कपाशीचे चित्र घ्यावयास जुना हौशी जातो आणि जुन्या हाताने उजेड सढळ देतो, तेव्हा बोंडांच्या जागी पांढरे ठिपके तेवढे उरतात. कापसाचा धागा, त्याची मऊ सावली, सारे नाहीसे होते. उपाय सोपा आहे. पांढऱ्या वस्तूसाठी उजेड मोजावा आणि सावली नंतर संगणकावर उचलावी. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर सोळावर आणि शटर फिल्मच्या वेगाच्या आकड्याइतके, हा जुन्या मंडळींचा पाठ येथेही चालतो, कारण पूर्वी ज्याला ‘एएसए’ म्हणत तोच आकडा आज ‘आयएसओ’ या नावाने कायम आहे. ज्यांनी पूर्वी पारदर्शिका, म्हणजे स्लाइड फिल्म, वापरली असेल त्यांना डिजिटल कॅमेरा परका वाटणार नाही. उजेडाच्या बाबतीत ती फिल्म अशीच तापट होती.

दुसऱ्या बाजूने नव्या कॅमेऱ्याचे उपकार केवढे आहेत हे पाहावयाचे तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार आठवावी. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात; एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा मारा. दरवर्षी कित्येक जखमी होतात आणि आजवर मृत्यूही घडले आहेत. प्रथेविषयीचे मत काहीही असो, ती घडते आणि तिची नोंद होणे अगत्याचे आहे. पिठोरी अमावस्येनंतरचे ते दिवस पावसाळ्याचे. आभाळ भरलेले, उजेड क्षणात बदलणारा. फिल्मच्या काळी शंभर वा चारशे वेगाचा जो रोल भरला त्याच्याशी छत्तीस चित्रे बांधून राहावे लागे, आणि ऐन झटापटीत रोल संपला तर दगड उडत असताना कॅमेरा उघडण्याचा प्रसंग येई. आज प्रत्येक चित्रासाठी वेग निराळा ठेवता येतो. दूरच्या गच्चीवर उभे राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने काम होते आणि डोकेही शाबूत राहते. येथे मात्र एक गोष्ट जपली पाहिजे. रक्तबंबाळ माणसाचा चेहरा फुकट मिळतो म्हणून शंभर वेळा टिपणे ही हौस नव्हे. पूर्वी छत्तिसांच्या मर्यादेने जो विवेक पाळून घेतला जाई तो आता ज्याचा त्याने पाळावयाचा आहे.

खर्चाचा हिशोब मांडणेही बरे. महिन्याला दोन रोल काढणारा हौशी वर्षाला 864 चित्रे घेई, आणि प्रत्येक खटक्याचे पैसे पडत. डिजिटलमध्ये पहिला भुर्दंड मोठा, नंतरचा खटका जवळजवळ फुकट. पण तो भुर्दंड केवळ कॅमेऱ्याचा नसतो. साठवणीचे कार्ड, जादा बॅटरी, संगणक, चित्रे ठेवण्याच्या दोन डिस्का, हे सारे धरूनच बेत आखावा. बिंदूंच्या आकड्याला तर मुळीच भुलू नये. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 गुणिले 4000 बिंदू. इंचाला 300 बिंदू या उत्तम प्रतीने छापले तरी 20 इंच रुंदीचे चित्र होते. एवढे मोठे चित्र टांगावयास भिंत किती जणांकडे मोकळी असते? सहा मेगापिक्सेलचा जुनाट कॅमेरादेखील 10 इंचांचे सुबक चित्र देतो. तेव्हा वापरलेला कॅमेरा विश्वासाच्या माणसाकडून घेण्यात कमीपणा नाही. शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा विचारावा, आणि अ‍ॅपर्चर बारीक करून कोऱ्या आभाळाचे एक चित्र घेऊन चकतीवर धुळीचे डाग आहेत का ते पाहावे.

जुन्या लेन्सांचे काय, हा प्रश्न ज्यांच्याकडे झेनिट, पेंटॅक्स किंवा निकॉन आहे त्यांना पडतो. उत्तर आशादायक आहे. पेंटॅक्सच्या 1975 पासूनच्या लेन्सा त्याच कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात. झेनिटची आट्यांची लेन्स एका साध्या कड्याच्या साहाय्याने पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांवर चढते. निकॉनची 1959 ची बैठक पुढे कित्येक डिजिटल कॅमेऱ्यांत टिकली, परंतु फार जुनी लेन्स काही कॅमेऱ्यांना इजा करते. ती बसविण्यापूर्वी चौकशी करावी. आरसा नसलेले जे कॅमेरे आज चालतात त्यांवर तर कड्याच्या मदतीने जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स चालते, अर्थात स्पष्टता हाताने साधण्याची तयारी हवी. मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांतील चकती फिल्मच्या चौकटीहून लहान असते. फिल्मची चौकट 36 गुणिले 24 मिलिमीटर. ही चकती साधारण 24 गुणिले 16. त्यामुळे 50 मिलिमीटरची लेन्स 75 ची भासते. घरातील बारशाचे चित्र घेताना पाठ भिंतीला टेकते, पण संत्र्याच्या बागेतील पाखरू तेवढेच जवळ येते. लेन्स घेताना तिच्यातून दिव्याकडे पाहावे. पावसाळ्यात डब्यात बंद राहिलेल्या लेन्सांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, व ती एकदा काचेत रुतली की सहसा जात नाही.

मात्र नव्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोलाचा उपयोग विक्रेते क्वचितच सांगतात. तो जुन्या निगेटिव्हांची नक्कल करतो. नागपूर-छिंदवाडा ही 762 मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे सौंसरवरून जात असे. रामाकोना, कुकडीखापा, भिमालगोंदी या स्थानकांवरून घाट चढत जाणारी ती गाडी 2015 साली कायमची थांबली आणि तेथे मोठा रूळमार्ग आला. तिच्या खिडकीतून डोकावणारी वरात, डब्यांवर बसलेली जत्रेची माणसे, स्थानकावरील संत्र्यांच्या टोपल्या, यांपैकी जे काही कोणी टिपले असेल ते आज कोणाच्या तरी ट्रंकेत, पिवळ्या पाकिटात, फिल्मच्या तुकड्यांवर आहे. या तुकड्यांना उष्णता आणि दमट हवा खाते. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. तो आला की ती आकसू लागली असे समजावे आणि इतर फिल्मपासून तिला तत्काळ वेगळे ठेवावे, कारण त्या वाफेने शेजारची फिल्मही बिघडते.

नक्कल करण्याची रीत घरगुती आहे. एका सपाट पांढऱ्या दिव्यावर दुधी काच ठेवावी, तिच्यावर निगेटिव्ह सपाट दाबून बसवावी, कॅमेरा तिकाटण्यावर तोंड खाली करून लावावा आणि जवळून टिपणारी लेन्स, किंवा साध्या लेन्समागे जोडनळी, वापरावी. निगेटिव्हची चकाकणारी बाजू लेन्सकडे असली म्हणजे चित्र उलटे येत नाही. खोलीतला बाकीचा उजेड मालवावा व शटर हात न लावता, वेळकाढू कळीने सोडावे. कृष्णधवल असेल तर संगणकावर काळ्याचे पांढरे करणे एका क्षणाचे काम. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी असतो; तो रंग आधी काढून टाकावा लागतो, एरवी सारे निळेशार दिसते. दोन-तीन रोल बिघडवून हात बसतो, आणि येथे बिघडण्याने मूळ निगेटिव्हचे काही जात नाही, तेवढी ती सांभाळून धरली म्हणजे झाले.

नक्कल झाल्यावर निगेटिव्ह फेकून देण्याची घाई करू नये. चांगली ठेवलेली कृष्णधवल निगेटिव्ह शंभर वर्षेही टिकते. संगणकाची डिस्क केव्हा बंद पडेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक चित्राच्या दोन प्रती दोन डिस्कांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, शक्य तर नागपूरच्या नातेवाइकांकडे ठेवावी. फाइलीला यंत्राने दिलेला क्रमांक तसाच न ठेवता गाव, साल आणि चित्रातील माणसांची नावे लिहावीत. ती नावे सांगणारी म्हातारी माणसे घरात आहेत तोवर हे काम आधी करावे, नव्या कॅमेऱ्याची पुस्तिका मग वाचली तरी चालेल.