गॅरी : पोलादाने वसवलेले शहर

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर गॅरी वसले आहे. यू. एस. स्टील कंपनीने १९०६ मध्ये वाळूच्या टेकड्या सपाट करून येथे कारखाना आणि गाव उभारले. कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचेच नाव शहराला मिळाले. लोहखनिज सरोवरातून जहाजांनी येई, कोळसा रेल्वेने.

भट्ट्यांवरील कामासाठी पूर्व युरोप आणि मेक्सिकोतून मजूर आले. दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली. चर्च हे या वस्त्यांचे आधारस्थान होते. शाळाप्रमुख विल्यम वर्ट यांची अभ्यास, हस्तकाम व खेळ यांची सांगड घालणारी शिक्षणपद्धती देशभर गाजली. मात्र, वर्णभेदाने वस्त्या आणि शाळा विभागलेल्याच राहिल्या. १९१९ च्या पोलाद संपात शहरात लष्कर उतरले.

१९६० मध्ये लोकसंख्या १,७८,३२० होती. १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर महापौरपदी निवडून आले; मोठ्या अमेरिकी शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांपैकी ते एक. पुढे यांत्रिकीकरण व आयात पोलादामुळे हजारो रोजगार गेले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली. २०२० मध्ये लोकसंख्या सुमारे ६९ हजारांवर आली. कारखाना मात्र आजही चालू आहे.