कोणाच्या हातचं पाणी चालतं?

ख्रिस्ती धर्माचे पंथ किती, असं विचारलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं: पंचेचाळीस हजार. हा आकडा ज्या मोजणीतून निघाला तिचं मूळ डेव्हिड बॅरेट यांनी सिद्ध केलेल्या 'वर्ल्ड ख्रिश्चन एन्सायक्लोपीडिया'त आहे. १९८२च्या पहिल्या आवृत्तीत आकडा वीस हजारांच्या वर होता, २००१च्या आवृत्तीत तो तेहतीस हजारांपलीकडे गेला आणि पुढे वाढतच राहिला. मोजणीची रीत पाहिली, की मात्र तो डोळे झाकून घेता येत नाही. एखादं चर्च जितक्या देशांत, तितक्या वेळा ते या यादीत मोजलं जातं. एक पोप आणि एक धर्मसंहिता असलेलं रोमन कॅथलिक चर्चच तिथे दोनशेहून अधिक वेळा येतं. कोणाशी कसलीही संलग्नता नसलेल्या स्वतंत्र मंडळ्या वेगळ्या.

मग पंथ म्हणजे नेमकं काय? शिकवण निराळी म्हणजे पंथ निराळा, असं म्हणावं तर केरळ आडवं येतं. मलंकारा ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट सिरियन या दोन गटांची उपासना एकच, संत एकच, उपासनेची सुरियानी परंपराही एकच. वाद आहे तो अधिकाराचा: शेवटचा शब्द अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कांचा की कोट्टायमला बसणाऱ्या कॅथोलिकोसांचा? शंभराहून अधिक वर्षं चाललेल्या या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी मलंकारा चर्चच्या १९३४च्या घटनेच्या बाजूने, म्हणजे ऑर्थोडॉक्स गटाच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर चर्चच्या दारांवर पोलिस उभे राहिले आणि मृताला कोणत्या धर्मगुरूने पुरायचं यावरून प्रेतं खोळंबली. श्रद्धेत तसूभर फरक नसताना दोन पंथ होतात ते असे.

उलट अँग्लिकन चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा द्यावी की नाही, प्रभुभोजनातली भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर की त्याची आठवण, अशा मूलभूत गोष्टींवर टोकाची मतं एकाच छताखाली नांदत आली आहेत. तेव्हा पंथाची सीमा शोधायची तर सिद्धान्तांच्या पोथ्यांपेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसाचा बाप्तिस्मा तुम्ही मान्य करता, की त्याला पुन्हा पाणी देता? महाराष्ट्रात कोणाच्या हातचं पाणी चालतं यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांची प्रतवारी झाली. चर्चमध्ये हा प्रश्न निराळ्या अर्थाने, पण तितक्याच जिवावर बेतेल अशा तीव्रतेने विचारला गेला.

तो पहिल्यांदा ऐरणीवर आला तिसऱ्या शतकात. रोमी छळाच्या काळात काही ख्रिस्ती डगमगले. त्यांना परत घ्यायचं की नाही यावरून नोव्हेशियनचा कडवा गट फुटून निघाला आणि स्वतःच बाप्तिस्मे देऊ लागला. त्या गटातून कोणी मूळ मंडळीत आलं तर? कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, फुटीर गटात पवित्र आत्माच नाही, तेव्हा तिथलं पाणी नुसतं पाणी. बाप्तिस्मा नव्याने द्या. २५६ साली त्यांनी सत्त्याऐंशी बिशपांची परिषद भरवून तसा ठराव करून घेतला. रोमचे बिशप स्टीफन यांनी तो धुडकावला. जुन्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर हात ठेवून अशा माणसाला आत घ्या, पाणी पुन्हा देऊ नका, हा त्यांचा निर्णय. पुढे ऑगस्टीनने त्याला तात्त्विक पाया दिला. बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच. धर्मगुरूचा फक्त हात. तो हात मळका असला म्हणून देणं मळत नाही.

चर्चच्या इतिहासात मनाचा मोठेपणा दाखवणारे निर्णय शोधायला बसलं तर या निर्णयाला वरचं स्थान द्यावं लागेल. आज आपल्याशी भांडून गेलेला माणूसही ख्रिस्तीच राहतो, ही कबुली त्यात आहे. त्याचा आवाका आजही थक्क करतो. कॅथलिक नियमानुसार, प्रसूतिगृहात बाळ दगावण्याच्या बेतात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर तिथली नर्स बाप्तिस्मा देऊ शकते. ती हिंदू असो, मुसलमान असो की कशावरच विश्वास नसलेली असो. बाळाच्या कपाळावर पाणी ओतायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने शब्द उच्चारायचे, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मनात ठेवायचा. बस्स.

पण मोठेपणालाही कुंपण होतं. ३२५ साली निकियाच्या परिषदेने नोव्हेशियनांना हात ठेवून आत घेण्याची मुभा दिली आणि त्याच परिषदेच्या दुसऱ्या नियमाने समोसाटाच्या पौलाच्या अनुयायांना मात्र पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला. कारण ख्रिस्त कोण, याविषयीची त्यांची समजच वेगळी ठरली. भांडण शिस्तीचं असेल तर पाणी चालेल, देवाच्या स्वरूपाचं असेल तर चालणार नाही, ही रेषा तिथे आखली गेली. ती आजतागायत पुसलेली नाही.

जून २००१मध्ये व्हॅटिकनने याच रेषेवर बोट ठेवून मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला. जोसेफ स्मिथने १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेतली जातात. मात्र मॉर्मनांच्या दृष्टीने ते तीन वेगवेगळे आहेत, एकाच देवाचं त्रैक्य नव्हे. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही आदल्या वर्षी असाच निर्णय घेतला होता. मॉर्मनांना हे लागतं, आणि ते समजण्यासारखं आहे. त्यांच्या चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे. पण तेही इतर कोणाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य उघडच नाकारतात, म्हणून बहुतेक चर्चेस त्यांना कुंपणाबाहेर धरतात. भारतीय कायद्याने मात्र त्यांच्या श्रद्धेची कदर केली. केरळातल्या तीन मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहूनही ते गायलं नाही म्हणून शाळेने त्यांना काढलं, तेव्हा १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं.

पाण्यासाठी जीवही घेतले गेले. झुरिकमध्ये १५२५च्या जानेवारीत काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. समजही न आलेल्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा कसला, असं त्यांचं म्हणणं. शहर होतं झ्विंग्लीच्या सुधारणेचं, म्हणजे पोपशी नुकतंच नातं तोडलेलं. तिथल्या नगरसभेने ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला लिमाट नदीत बुडवून मारलं. पाणी मागतो ना, घे पाणी, असा त्या शिक्षेचा क्रूर अर्थ. प्रॉटेस्टंटांनी असा जीव घेतलेला तो पहिला पुनर्बाप्तिस्मावादी. लूथरन जागतिक संघाने अशा छळाबद्दल त्यांच्याच परंपरेतल्या मेनोनाइट लोकांची क्षमा मागितली ती २०१०मध्ये. ऑर्थोडॉक्स जगात तर कॅथलिकांच्या बाप्तिस्म्याविषयी अजूनही एकवाक्यता नाही: मॉस्कोने १६६७मध्ये कॅथलिकांना पुन्हा बाप्तिस्मा देणं थांबवलं, कॉन्स्टँटिनोपलने १७५५मध्ये ते सक्तीचं केलं.

आणि ज्यांच्याकडे पाणीच नाही त्यांचं काय? क्वेकर बाह्य विधी मानत नाहीत. मुक्तिफौजेनेही (सॅल्व्हेशन आर्मी) १८८३पासून बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी बंद केले. त्याच्या आदल्याच वर्षी या फौजेचे फ्रेडरिक टकर तिघा सोबत्यांसह मुंबई बंदरात उतरले होते. पुढे त्यांनी 'फकीर सिंग' हे नाव घेतलं, भगवी वस्त्रं पांघरली आणि अनवाणी फिरून प्रचार केला. अहिल्यानगरचं बूथ हॉस्पिटल याच फौजेचं. सेवेच्या कसोटीवर यांच्याहून अधिक ख्रिस्ती कोण? तरीही वसईच्या कॅथलिक मुलाचं लग्न मुक्तिफौजेतल्या मुलीशी ठरलं, की चर्चच्या कागदावर ती बाप्तिस्मा न झालेली म्हणून नोंदली जाते आणि बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते. तीच मुलगी प्रॉटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल, तर तो मिश्र ख्रिस्ती विवाह. नुसती परवानगी पुरते. नियमाच्या चौकटीत हे बरोबर आहे. त्या मुलीच्या घरच्यांना ते कसं वाटत असेल, हा नियमापलीकडचा भाग.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट गावांत पंथ बऱ्याचदा ठरला तो तिथे कोणता साहेब आधी पोचला त्यावरून. अमेरिकन मराठी मिशनने १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये नगरला पाय रोवले; ती मंडळी काँग्रिगेशनल. कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. नगर भागात पुढे अँग्लिकनही आले. शेजारशेजारच्या गावांतले नात्यातले लोक वेगवेगळ्या उपासनापुस्तकांतून प्रार्थना म्हणू लागले. ज्या भांडणांतून हे पंथ जन्मले ती इंग्लंड-स्कॉटलंडची; गोदावरीकाठच्या शेतमजुराचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

ही चूक निस्तरण्याचा मोठा प्रयत्न २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा चर्चेसनी आपली वेगळी नावं सोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापलं. सगळ्यांत अवघड गाठ पाण्याचीच होती. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स जाणत्या वयातच, बुडवून बाप्तिस्मा देणारे; बाकीचे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालणारे. तोडगा असा निघाला, की दोन्ही रीती चर्चमध्ये सारख्याच मान्य. आईबापांनी हवी ती निवडावी. ज्यासाठी मान्झला बुडवलं, तो प्रश्न नागपुरात दोन्ही बाजूंचा मान राखून सुटला. याची नोंद युरोपच्या चर्चइतिहासात याहून ठळक व्हायला हवी होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले आणि नंतर मालमत्तांवरून खटलेही झाले, हेही खरं.

पण 'ख्रिस्ती कोण' हा प्रश्न मराठीत सर्वांत धारदार केला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत त्यांच्या आणि वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांत ठिणग्या उडू लागल्या. त्रैक्य, कुमारीपासून जन्म, अथानेशियन मतांगीकार, एकेका गोष्टीवर रमाबाई प्रश्न करत होत्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सदस्य आहोत, पण बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवलं. भारतातल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलेली ही बाई दुसरं मानेवर घ्यायला तयार नव्हती. आपल्याकडच्या सनातन्यांनी त्यांना धर्मबुडवी म्हटलं, वाँटेजला त्यांच्या ख्रिस्तीपणाचीच शंका आली. केडगावचं मुक्तिसदन उभारताना त्यांनी ते कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही. १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ही पत्रं प्रसिद्ध केली. धर्मशास्त्राचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत इतकी ती आजची आहेत.

नारायण वामन टिळक याहून पुढे गेले. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. मे १९१९मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचा विचार चुकीचा होता म्हणून नव्हे, तर ज्यांना दोन्ही समाजांत उभं राहायला जागा नव्हती, त्यांना धरून ठेवेल असा दुसरा टिळक नव्हता म्हणून.

सरकारची व्याख्या या सगळ्यांहून सोपी आहे. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ख्रिस्ती धर्म मानणारा तो ख्रिस्ती. पंथ, त्रैक्य, पाणी कशाचीच विचारणा नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात असे सुमारे १० लाख ८० हजार लोक नोंदले गेले. पण १९५०चा अनुसूचित जातींविषयीचा आदेश आला, की हीच सोपी व्याख्या जाचू लागते. त्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचं समजलं जात नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा तान्हेपणी झालेला तिचा बाप्तिस्मा आणि तिचं नियमित चर्चला जाणं तिच्याविरुद्ध गेलं.

या आदेशाला २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. धर्मांतरित दलितांचा प्रश्न तपासायला ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगही नेमला गेला. बाप्तिस्म्याने जात धुतली जाते, मग सवलत कशाला, हा विरोधकांचा युक्तिवाद. तो करणाऱ्यांनी तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला जावं. तिथल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या राखणारी भिंत बांधली गेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या मृतांचा बाप्तिस्मा एकाच चर्चमधला आहे, आणि दलितांना बाजूला काढणाऱ्या त्या भिंतीचा जाब आधी चर्चला विचारला पाहिजे, मग सरकारला.