लग्नघरातील साहस

‘वऱ्हाड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आपला प्रांत, आणि दुसरा लग्नाला निघालेली मंडळी. तेव्हा साहसाच्या खेळाला लग्नाचा विषय घ्यावा, असे मी म्हटले तर निदान बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना तरी नवल वाटू नये.

खेळ कोणता, ते आधी सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘आता मी हे करतो’ असे सांगतात. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. उरलेली सारी पात्रे सूत्रधाराने एकट्याने वठवायची. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग आठवा. मात्र येथे प्रेक्षकच कथेला वळण देतात.

या खेळात राक्षस, भुयार आणि गुप्तधन नेहमीचेच. पण राक्षसावर तलवार चालते, व्याह्यावर चालत नाही! लग्नमांडवात मित्र आणि वैरी एकाच पंगतीला बसतात. मुहूर्ताची घटका भरत असते. अशा वेळी शब्द, मान आणि युक्ती हीच शस्त्रे उरतात.

याचा उत्तम नमुना आपल्या सिंदखेडराजाचाच. बखरींतून येणारी कथा अशी : रंगपंचमीला लहानगे शहाजी व जिजाऊ एकमेकांवर रंग उडवीत होते. लखुजी जाधवराव थट्टेने म्हणाले, जोडा शोभतो. मालोजी भोसले तत्काळ उठले व भरसभेत म्हणाले, जाधवराव आता आमचे व्याही झाले. जाधवांच्या घरी हे रुचले नाही. मालोजींनी चाकरी सोडली. पुढे देवीच्या कृपेने त्यांना धन सापडले, निजामशाहीत मान मिळाला आणि लग्न झाले. तरी कटुता गेली नाही. खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याचे निमित्त होऊन जाधव-भोसले आपसांत भिडले व दोन्हीकडचे तरुण पडले. यातील इतिहास किती व दंतकथा किती, हा वाद वेगळा. सूत्रधाराला मात्र येथे सारे तयार मिळते : एक सैल शब्द, दुखावलेला मान, गुप्तधन आणि बिथरलेला हत्ती.

नावे बदलून काल्पनिक राज्य उभे करावे आणि पात्रे वाटून द्यावीत. एकाला मुलीचा मामा करावे, एकीला करवली, एकाला आचारी, एकाला वरपक्षाचा कारभारी. प्रत्येकाच्या कानात एकेक गुपित सांगावे. मग अंतरपाट धरेपर्यंत खेळ आपोआप रंगतो.

पण या कथेत एक गोष्ट खटकते. दोन घराणी भांडतात, दरबार मध्ये पडतो. मुलीला कुणीच विचारत नाही. त्या वयात ती बोलणार तरी काय? खेळातही वधू बहुधा जिंकून आणायची वस्तू होऊन बसते. याला उत्तर वऱ्हाडातच आहे. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीने भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारला आणि ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला. एकनाथांनी १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, त्यातली सारी धावपळ त्या एका निरोपातून सुरू होते. रथ कृष्णाचा खरा, पण बेत रुक्मिणीचा.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की लग्नाचा डाव मांडताना नवरी मुलगी सूत्रधाराच्या हाती ठेवू नये. ते पात्र खेळणाऱ्यांपैकी कुणाला तरी द्यावे. ती ‘हो’ म्हणेल, ‘नाही’ म्हणेल किंवा मांडवाच्या मागच्या बाजूने निघूनही जाईल. सूत्रधाराचा बेत कोसळेल, पण खरे साहस तेथेच सुरू होईल. टेबलावर ही सवय लागली, तर उद्या घरच्या बैठकीत मुलीकडे वळून ‘तुझे काय म्हणणे?’ असे विचारणे आपल्याला जड जाणार नाही.