दुर्मीळ बाटली आणि रांगेतला माणूस

गेल्या दिवाळीत आमच्या अमरावतीच्या घरी व्हिस्कीची एक बाटली आली. गाडगेबाबांची समाधी असलेलं हे गाव आणि इथून जवळच तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी. दोघांनीही आयुष्यभर दारूविरुद्ध लोकांना जागवलं. त्यामुळे आमच्यासारख्या घरात बाटली येणं ही लहान गोष्ट नव्हती. मात्र ती पिण्यासाठी आलेली नव्हती. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं ती परदेशातून येताना विमानतळावरच्या दुकानातून घेतली होती.

"मोठे बाबा, ही तुमच्या कपाटात राहू द्या. उघडायची नाही. चार-पाच वर्षांनी हिला दुप्पट-तिप्पट भाव येईल," तो म्हणाला.

"मग पुण्यालाच का नाही ठेवत?"

"तिथं आम्ही चौघं राहतो. राहील का ती तिथं?"

मी महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. वस्तू थोडी आणि मागणारे फार असले की भाव चढतो, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगितलं. त्यामुळे पुतण्याच्या हिशोबात मला खोट दिसेना. पुढे बोलता बोलता कळलं, की अशा दोन बाटल्या आहेत. दुकानदार एका प्रवाशाला एकच देत होता. मग यानं एका मित्राला रांगेत उभं केलं. मित्राला व्हिस्की नको होती, तो फक्त उभा राहिला. ही गोष्ट ऐकून मी थबकलो. तशीच एक गोष्ट सहा महिन्यांपूर्वी मी त्याच्याच वडिलांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, तोंडून ऐकली होती. फरक एवढाच, की भाऊ तेव्हा रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. हा लेख त्या दोन रांगांविषयी आहे.

बाटली महाग का होते?

आधी हा व्यापार समजून घेऊ. सिंगल माल्ट व्हिस्की म्हणजे मोड आणलेल्या जवापासून एकाच भट्टीत गाळलेली आणि नंतर लाकडी पिंपात मुरवलेली दारू. मुरताना पिंपातून दरवर्षी थोडी वाफ उडून जाते. स्कॉटलंडमधले कारागीर तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथल्या थंडीत हा वाटा वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. गोवा किंवा बंगळूरच्या हवेत तो आठ-दहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून आपल्याकडच्या दारूला साठ वर्षं मुरू देणं अशक्यच आहे, पिंपात काही उरणारच नाही. जुनी व्हिस्की मुळातच थोडी असते, ती अशी.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत मुरत नाही. बाटली बंद झाली की आतल्या द्रव्याचं मुरणं थांबतं. दहा वर्षं कपाटात ठेवलेली बाटली चवीनं दहा वर्षांनी जुनी होत नाही. मग तिची किंमत वाढते कशानं? तिच्या सोबतच्या बाटल्या दुसऱ्या कुणीतरी पिऊन टाकल्या म्हणून. शंभरातल्या नव्वद फुटल्या की उरलेल्या दहा दुर्मीळ होतात. साठवणाऱ्याचा नफा पिणाऱ्यांच्या जिवावर उभा असतो, हे या व्यवहाराचं मर्म आहे.

जगात हा व्यवहार केवढा मोठा झाला आहे, याचं एकच उदाहरण पुरेसं आहे. मॅकॅलन या स्कॉटिश भट्टीनं १९२६ साली गाळलेली आणि साठ वर्षं मुरवलेली दारू १९८६ मध्ये ४० बाटल्यांत भरली. त्यांतली एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात एकवीस लाखांहून अधिक पौंडांना, म्हणजे वीस कोटी रुपयांच्याही वर, गेली. जपानमधल्या कारुइझावा भट्टीचं उत्पादन २००० साली थांबलं आणि तिच्या उरलेल्या बाटल्या श्रीमंतांच्या तिजोरीत गेल्या. आपल्या देशातही हे वारं आलं आहे. हरियाणातल्या इंद्री गावच्या भट्टीनं दिवाळीनिमित्त काढलेल्या २०२३ च्या खास आवृत्तीला अमेरिकेतल्या एका स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला, आणि चाखण्यापेक्षा जपून ठेवायला ती शोधणारेही पुष्कळ निघाले. दिवाळी अंकाप्रमाणे दिवाळीची व्हिस्कीही आता संग्राह्य झाली म्हणायची.

नफेवाल्याची बाजू

पुतण्याची बाजू मी आधी प्रामाणिकपणे मांडतो. व्हिस्की ही गरजेची वस्तू नाही. ती न मिळाल्यानं कुणाची चूल विझत नाही. साठवणारा आपले पैसे वर्षानुवर्षं अडकवतो. बाटली फुटण्याचा, बूच सडण्याचा, भाव पडण्याचा धोका पत्करतो. २०२२ नंतर जगभर दुर्मीळ व्हिस्कीचे भाव उतरले, तेव्हा अशा अनेकांचे हात पोळलेही. शिवाय आज एखाद्याला बंद पडलेल्या भट्टीची चव घ्यायची असेल, तर ती कुणीतरी जपून ठेवली म्हणूनच मिळते. जुनी हस्तलिखितं, नाणी, ध्वनिमुद्रिका जपणाऱ्यांचे आपण आभार मानतो, मग याला नावं का ठेवायची?

हा युक्तिवाद बराचसा खरा आहे. जपणं ही सेवा आहे आणि तिचा मोबदला घेण्यात पाप नाही. पण या व्यापाराची दुसरी बाजू पाहिली, की नफा कुठे कुठे शिळा होतो तेही दिसतं. २०१८ मध्ये स्कॉटलंडमध्ये ५५ दुर्मीळ बाटल्यांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या २१ बनावट किंवा सांगितलेल्या सालच्या नसलेल्या निघाल्या. जिथे वस्तू उघडून पाहिलीच जात नाही, तिथे खोटेपणा वर्षानुवर्षं सुखानं राहतो.

त्याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं आहे. तिथे दारूचं वाटप सरकारी मंडळ करतं. पॅपी व्हॅन विंकल नावाच्या अतिदुर्मीळ बर्बन व्हिस्कीच्या बाटल्या मंडळाच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्याचं २०२३ मध्ये उघड झालं आणि मंडळाच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. लक्षात घ्या, अधिकाऱ्यांनी बाटल्यांची पूर्ण किंमत मोजली होती. फुकट काही घेतलं नव्हतं, विकल्याचंही त्यांनी नाकारलं. तरी लोक संतापले. कारण पैसे दिले तरी रांग चोरली होती.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानं आधीच अर्धा निकालात काढला आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो परवाना पिण्याचा असतो, विकण्याचा नसतो. विक्रीचा परवाना नसलेल्या माणसानं आपल्या कपाटातली बाटली शेजाऱ्याला नफ्यानं विकली, तर तो गुन्हा आहे. लंडनमध्ये जो प्रतिष्ठित लिलाव, तो अमरावतीत चोरटा धंदा. मुळात परवाना नसताना मी ती बाटली घरात ठेवून घेणं हेसुद्धा कायद्याला धरून नव्हतं.

पण कायद्यानं सुटलेला प्रश्न नीतीनं सुटतोच असं नाही. उद्या कायदा बदलला, तर हेच कृत्य चांगलं ठरेल का? याचं उत्तर मला अकोल्याच्या रांगेत मिळालं.

अकोल्याची रांग

मे २०२४. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर. त्या उन्हात कृषी केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. कपाशीच्या एका विशिष्ट वाणाला आदल्या हंगामात चांगली बोंडं लागली होती, म्हणून सगळ्यांना तेच बियाणं हवं होतं. दुसऱ्या वाणांची पाकिटं दुकानात होती, कृषी खातंही एकाच वाणाचा आग्रह धरू नका असं सांगत होतं. पण कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातून एकदाच डाव खेळायला मिळतो. तो मागच्या वर्षी जिंकलेलं पानच पुन्हा मागणार.

बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवून देतं. त्या वर्षी ती ८६४ रुपये होती. माझा भाऊ मूर्तिजापूर तालुक्यातून पहाटेच्या गाडीनं अकोल्याला गेला. दुपारपर्यंत उभा राहिला. एका माणसाला मोजकीच पाकिटं मिळत होती. त्याचा नंबर येईस्तोवर माल संपला. रात्री फोनवर म्हणाला, "दादा, माया पुढं चार पोट्टे होते. एकाच्याही हाताले ढेकूळ लागलेलं नसन. लायनीत उभे राह्याले कोनं तरी पैसे देल्ले होते त्याइले. सांजच्याले थेच पाकिटं दीडपटीनं भेटत होते."

"मग घेतलीस?"

"घेतली ना. पाऊस का आपल्यासाठी थांबते?"

त्या शेवटच्या वाक्यात बाटली आणि बियाणं यांच्यातला सगळा फरक आहे. व्हिस्की घेणारा 'राहू दे' म्हणून घरी जाऊ शकतो. मृगाच्या तोंडावर शेतकरी तसं म्हणू शकत नाही. म्हणूनच १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली बियाण्याला संरक्षण आहे, व्हिस्कीला नाही. परिणामाच्या दृष्टीनं दोन्ही कृत्यांना एका तराजूत तोलणं अन्याय होईल, आणि मी पुतण्याला काळाबाजारवाला म्हणत नाही.

पण कृतीचा साचा पाहिला तर? दुकानदारानं 'एकाला एक' ही मर्यादा घातली, ती जास्त लोकांना मिळावं म्हणून. ज्याला वस्तू नको आहे असा माणूस उभा करून ती मर्यादा मोडली. मागच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवलं आणि तीच वस्तू त्यालाच चढ्या भावानं देऊ केली. विमानतळ आणि अकोला, दोन्हीकडे साचा एकच आहे.

जुना हिशोब

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांपासून प्रजेचं रक्षण करण्याचं एक प्रकरणच आहे. त्यात देशी मालावर पाच टक्के आणि परदेशी मालावर दहा टक्के नफ्याची मर्यादा सांगितली आहे. संगनमत करून माल अडवणाऱ्या व्यापाऱ्यांना हजार पणांचा दंड आहे. नफा निषिद्ध नाही, अडवणूक निषिद्ध आहे.

मग कापूस घरात भरून ठेवणारा आमचा शेतकरी अडवणूक करतो का? २०२१-२२ च्या हंगामात कापसानं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षी त्याच आशेनं वऱ्हाडात घरोघरी कापूस साठला, खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली, आणि भाव उतरतच गेले. पण हा कापूस त्यांनी स्वतः पिकवलेला होता. कुणाची रांग मोडून आणलेला नव्हता. आपली वस्तू थांबवणं आणि दुसऱ्याच्या वाट्याची वस्तू अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथवर दुसऱ्यांचे हिशोब झाले. एक माझाही आहे. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं सुरू केली, आणि जुन्या अंकांचे शौकीन आज चांगले पैसे मोजतात. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंनी यजमानांच्या मागे कपाट रिकामं केलं. मी रद्दीच्या भावानं दोन गठ्ठे उचलले. आत काय आहे ते मला दिसत होतं, त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे त्यांतले चार अंक मी एका संग्राहकाला विकले. तिथे रांग नव्हती, कायदा मोडला नव्हता, अंक लगद्यात जाण्यापासून वाचले. तरीही ते पैसे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. जे सांगावंसं वाटत नाही, त्यात काहीतरी अडलेलं असतं.

म्हणून आता मी दुर्मीळ वस्तूच्या फेरविक्रीला तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू माझ्या हाती येताना कुणाच्या वाट्याची मर्यादा मोडली का? माझ्या ठेवण्यानं वस्तूत काही भर पडली, ती जपली गेली, की मी नुसता मधे उभा राहिलो? आणि मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक असतं, तर हा सौदा झाला असता का? पुतण्याची पहिली बाटली या तिन्हींतून सुटते, दुसरी पहिल्याच प्रश्नाला अडते. माझे चार अंक तिसऱ्याला अडतात. त्या बाईंचे चिरंजीव इथेच राहतात. नफ्यातला त्यांचा वाटा मी या वर्षी नेऊन दिला. उशीर झाला होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

भाऊबीजेला भाऊ गावाहून आला, तेव्हा बाटलीची गोष्ट निघाली. त्यानं ती हातात घेतली, उजेडात धरली आणि पोराला एवढंच विचारलं, "त्या दुकानात तुया दोस्ताच्या मांगं कोन उभं होतं रे?"

पोरगा म्हणाला, "पाह्यलं नाही, बाबा."

बाटली मी परत दिली. अमरावतीच्या उन्हाळ्यात माळ्यावरचं बूच तसंही टिकलं नसतं, असं कारण सांगितलं.