जुना विवर्धक : दुरुस्ती, फेरफार की नवी खरेदी?

१. प्रश्नाचा उगम

भाषाविज्ञान विभागाच्या पत्रिकेत विद्युत्-यंत्राविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. म्हणून ज्या प्रसंगातून हा लेख उद्भवला, तो प्रथम सांगणे उचित होईल.

आमच्या श्रवणकक्षात एक विवर्धक आहे. बाजारात ज्याला सर्रास अँप्लिफायर व जवळिकीने ‘अँप्ली’ म्हणतात, तेच हे यंत्र. देशी बनावटीचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंचवीस वॉट शक्ती देणारा हा विवर्धक चाळीस वर्षांहून अधिक काळ सेवेत आहे. क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेल्या बोलींच्या जुन्या फिती विद्यार्थी त्याच्याच साहाय्याने ऐकतात व लिप्यंतर करतात. एका विद्यार्थ्याने अशाच एका संचावरून वृद्ध निवेदकांच्या बोलीचे लिप्यंतर केले. त्याच्या तक्त्यात ‘आम्ही’, ‘तुम्ही’ या रूपांच्या जागी सर्वत्र ‘आमी’, ‘तुमी’ अशी महाप्राणविरहित रूपे होती. अनेक बोलींत महाप्राणतेचा असा लोप आढळतो, त्यामुळे निष्कर्षाविषयी कोणासही शंका आली नाही. पुढे त्याच फिती टेपरेकॉर्डरमधून थेट संगणकात घेऊन चांगल्या कर्णश्रवणीने ऐकल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी महाप्राण स्पष्ट उमटला. काही ठिकाणी मात्र तो खरोखरच नव्हता. म्हणजे बोलीत दोन्ही रूपे नांदत होती, आणि ती नेमकी कोणत्या परिस्थितीत येतात हाच खरा अभ्यासाचा विषय होता. तो विषय आमच्या विवर्धकाने झाकून टाकला होता.

त्यानंतर विभागात तीन मते पडली. यंत्र काढून टाकून नवे घ्यावे, असे एक मत. त्यातील जुने भाग काढून अधिक चांगले बसवावेत व यंत्र ‘सुधारावे’, असे दुसरे. जे बिघडले आहे तेवढेच दुरुस्त करावे, असे तिसरे. या तिन्हींचा विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घरी वडिलांच्या काळातील विवर्धक कापडाखाली झाकून ठेवलेल्या वाचकासही हा क्रम उपयोगी पडावा.

२. संज्ञांविषयी थोडेसे

व्यवहारात ‘दुरुस्ती’ हा शब्द तिन्ही कृतींसाठी सैलपणे वापरला जातो, आणि गोंधळाचा आरंभ तेथूनच होतो. ‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून आला असून मुळात त्याचा अर्थ ‘योग्य, धड, अविकल’ असा आहे. तेव्हा वस्तू मूळच्या धड अवस्थेत आणणे, ती दुरुस्ती. मूळ रचनेत नसलेला गुण तिच्यात आणू पाहणे, तो फेरफार. तिचे कार्य दुसऱ्या वस्तूकडे सोपवणे, ती बदली. पहिल्या कृतीत प्रमाण कोणते हे ठरलेले असते; रचनाकाराचा आराखडा हेच ते प्रमाण. दुसऱ्या कृतीत प्रमाण आपले आपणच निर्माण करतो. हा भेद पुढील विवेचनात मध्यवर्ती आहे.

३. काय जीर्ण होते आणि काय होत नाही

यंत्र ‘म्हातारे झाले’ असे आपण म्हणतो. परंतु सगळे यंत्र एकाच वेगाने म्हातारे होत नाही. ट्रान्सफॉर्मर, लोखंडी सांगाडा आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे कित्येक दशके टिकतात. मर्यादेत वापरलेले सिलिकॉन ट्रान्झिस्टरही सहसा नुसत्या वयाने मरत नाहीत. जीर्ण होतात ते मुख्यतः चार भाग.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करण्याचे काम तो करतो. त्याच्या आत द्रवरूप विद्युत्-विच्छेद्य असते आणि ते उष्णतेने हळूहळू सुकते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. ८५ अंश सेल्सिअस तापमानाला २००० तास टिकेल असा कंडेन्सर घेतला आणि तो ४५ अंशांत राहिला, तर ४० अंशांच्या फरकामुळे त्याचे आयुष्य सोळापट, म्हणजे ३२,००० तास होईल. रोज चार तासांच्या वापराने हा हिशेब सुमारे बावीस वर्षांवर येतो. चाळीस वर्षांच्या यंत्राचे कंडेन्सर सुकलेले निघाले तर त्यात नवल नाही. यंत्र न वापरता ठेवले तरी हा भाग सुरक्षित राहतो असे नाही. दीर्घकाळ विजेशिवाय राहिल्यास त्याच्या आतील ऑक्साइडचा पातळ थर दुबळा होतो.

दुसरा भाग आवाजाचे बटण, निवडकळी आणि रिले यांतील स्पर्शबिंदू. धूळ व पुण्याच्या पावसाळ्यातील दमट हवा यांनी ते मळतात आणि बटण फिरवताना खरखर येते. तिसरा भाग डाख. वारंवार तापण्या-निवण्याने डाखाच्या सांध्यांत केसासारख्या भेगा पडतात. यालाच मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. चौथा भाग पॉवर ट्रान्झिस्टरखालील उष्णतावाहक लेप. तो सुकला की ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात यांच्या जोडीला व्हॉल्व्हच्या तप्त ध्रुवाची इलेक्ट्रॉन सोडण्याची शक्तीही क्रमाने ओसरते.

यावरून असे दिसेल की यंत्राचे वय हे यंत्राचा निकाल नव्हे. जे भाग जीर्ण होतात ते बहुधा स्वस्त असतात, आणि जे महाग असतात ते बहुधा धड असतात.

४. आमच्या यंत्रात काय घडले

पॉवर सप्लायमधील कंडेन्सर सुकला की आवाजात एक सखल गुणगुण मिसळते. आपली वीज ५० आवर्तनांची आहे. डायोडांच्या साहाय्याने तिचे दोन्ही अर्धभाग वापरले जात असल्यामुळे ही गुणगुण १०० आवर्तनांची व तिच्या पटींची, म्हणजे २००, ३०० अशी असते. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता सामान्यतः १०० ते १५० च्या आसपास असते, ही गोष्ट ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास सांगावयास नको. ‘म्ह’, ‘न्ह’ यांसारख्या वर्णांत स्वरतंतू पूर्ण न मिटता कंप पावतात. त्यामुळे मूळ कंप्रतेचा घटक तुलनेने प्रबळ होतो, वरचे घटक क्षीण होतात आणि त्यांत श्वासाची हलकी खसखस मिसळते. अर्थात महाप्राणतेची एक खूण नेमकी त्या पट्ट्यात असते जेथे गुणगुण बसलेली आहे, आणि दुसरी खूण इतकी मंद असते की कोणत्याही मलिनतेत ती बुडावी.

यात आणखी एक बारकावा आहे. आवाजाचे बटण शून्यावर नेले तरीही आमच्या यंत्रातील गुणगुण तशीच राहत असे. तिची पातळी बटणावर अवलंबून नव्हती. विद्यार्थी सायंकाळी, शेजारच्या वर्गास त्रास होऊ नये म्हणून आवाज हळू ठेवून ऐकत असे. बोलणे जितके हळू, तितके गुणगुणीचे प्रमाण मोठे. त्याचा सौजन्यपूर्ण स्वभावच त्याच्या तक्त्याला बाधला, असे म्हणावयास हरकत नाही.

५. निदान आधी, निर्णय नंतर

वरील निरीक्षणातच निदानाची पहिली कसोटी आली आहे. बटण शून्यावर असताना गुणगुण उरली, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा अखेरच्या टप्प्यात असतो. बटणाबरोबर ती वाढली, तर तो आधीच्या टप्प्यात किंवा जोडणीत असतो. ५० आवर्तनांची गुणगुण असेल तर अर्थिंगची सदोष जोडणी किंवा तारेचे अपुरे आच्छादन यांचा संशय घ्यावा.

दुसरी कसोटी अदलाबदलीची. एका बाजूचा आवाज क्षीण असल्यास प्रथम स्पीकरच्या तारा अदलाबदल कराव्या. दोष स्पीकरबरोबर सरकला, तर विवर्धक निर्दोष आहे. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम गळून पडतो आणि त्याचे खापर विवर्धकावर फुटते, असे वारंवार घडते. तिसरी कसोटी मापनाची. स्पीकरच्या जोडणीवर एकदिश दाब थोड्या मिलिव्होल्टांत असावा. तो व्होल्टांत मोजता येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे, अन्यथा स्पीकरचे वेटोळे जळेल.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम पूर्ण विजेवर चालू करू नये. आपले मेकॅनिक ६० किंवा १०० वॉटचा तारेचा दिवा यंत्राच्या मालिकेत जोडून पाहतात; आत शॉर्ट असेल तर दिवा भरपूर उजळतो आणि यंत्र वाचते. व्हॉल्व्हच्या विवर्धकात ३०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो व वीज तोडल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

६. तीन पर्यायांचे तारतम्य

दुरुस्तीचा पर्याय कधी घ्यावा? ट्रान्सफॉर्मर धड असेल, छापील पाटी जळून काळी पडलेली नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तेव्हा. कंडेन्सर, बटणे, डायोड हे सर्व बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आजही मिळते. साठच्या दशकातील जर्मेनियम ट्रान्झिस्टर दुर्मिळ झाले असले, तरी टू-एन-३०५५ सारखे सिलिकॉनचे प्रकार उपलब्ध आहेत. ईएल-८४, ईसीसी-८३ या व्हॉल्व्हांचे उत्पादनही युरोपात थांबलेले नाही. जळालेला ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, हीही एक अनुकूलता होय.

नवी खरेदी केव्हा योग्य? यंत्राचा आत्मा एखाद्याच न मिळणाऱ्या भागात असेल तेव्हा. एसटीके मालिकेतील जोडपाट्यांवर आधारलेले विवर्धक हे याचे ठळक उदाहरण. या नावाने बाजारात बनावट माल फार आहे. छापील पाटी जळाली असेल किंवा सुरक्षिततेविषयीच खात्री देता येत नसेल, तरीही नवे घ्यावे. मात्र अधिक वॉट हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही. शक्ती दुप्पट केल्याने ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा भासण्यास शक्ती सुमारे दसपट करावी लागते. पंचवीस वॉटच्या जागी पन्नास वॉट आणणाऱ्यास कानाने मिळणारा लाभ अल्पच असतो.

फेरफाराविषयी अधिक सावध राहावे लागते. १९४७ मध्ये विल्यमसनने आपल्या विवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १९५२ मध्ये बॅक्सँडॉलने स्वरनियंत्रणाचे मंडल मांडले, तेव्हापासून हौशी मंडळी अशा आराखड्यांत भर घालत आली आहेत, आणि त्या हौसेतून पुष्कळ ज्ञानही निर्माण झाले. परंतु आराखड्यातील प्रत्येक भाग शेजाऱ्याचा विचार करून निवडलेला असतो. पॉवर सप्लायमध्ये मूळच्या कित्येक पट मोठा कंडेन्सर बसवला, तर यंत्र चालू करण्याच्या क्षणी डायोडांवर मोठा भार येतो. जुन्या आयसीच्या जागी अधिक वेगवान आयसी घातली, तर मंडल स्वतःच आंदोलित होऊ शकते. सुधारणा करावयाचीच असेल तर ती बाहेरून, जोडता-काढता येईल अशी करावी. जुन्या पाच टोकांच्या सॉकेटसाठी जोडतार बनवणे किंवा ब्लूटूथचा ग्राहक बाहेर जोडणे, या गोष्टी निरुपद्रवी आहेत. सुरक्षिततेसाठी केलेला फेरफार मात्र याला अपवाद समजावा. लोखंडी सांगाड्याच्या यंत्रास दोन टोकांची पिन असेल, तर त्याला अर्थिंग द्यावे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावेच.

७. निर्णय

या विवेचनात पुण्याच्या विद्वत्परंपरेतील एक दृष्टांत सहज आठवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्या संपादनात डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी हस्तलिखितांच्या पुराव्यापलीकडे जाऊन पाठ ‘सुधारण्याचा’ मोह कटाक्षाने टाळला, आणि जेथे तसे करणे अटळ झाले तेथे ते खुणेने दर्शवले. यंत्राच्या बाबतीतही हाच विवेक हवा. भ्रष्ट झालेला पाठ पूर्ववत करावा, आपल्या आवडीचा पाठ त्यात घालू नये, आणि जे केले त्याची नोंद ठेवावी.

आमच्या विभागाने त्याप्रमाणे दुरुस्तीचा मार्ग स्वीकारला. सर्व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मूळ मूल्यांचे, परंतु अधिक तापमान सोसणारे घातले. आवाजाचे बटण बदलले. डाख नव्याने दिला. एकूण खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश होता. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीखवार यादी यंत्राच्या तळाशी चिकटवली आहे. याशिवाय एक नियम केला : फितीचे संगणकीकरण करताना ध्वनी टेपरेकॉर्डरच्या जोडणीतून थेट घ्यावा, विवर्धकामार्गे घेऊ नये, आणि ज्या वर्णभेदावर निष्कर्ष अवलंबून आहे, तो दोन भिन्न यंत्रांवर ऐकल्याशिवाय तक्त्यात लिहू नये.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा व बोलींच्या ज्या तबकड्या तयार झाल्या, त्या ज्या यंत्रांवर प्रथम वाजल्या ती यंत्रे केव्हाच गेली. आवाज उरला आहे. विवर्धक हा साक्षीपुरावा नव्हे, तो पुरावा वाचून दाखवणारा कारकून आहे. कारकून म्हातारा झाला म्हणून त्याला काढून टाकण्याचे कारण नाही. परंतु तो नीट वाचतो आहे की नाही, हे अधूनमधून मूळ कागदाशी ताडून पाहिलेच पाहिजे. आमच्या फितींतील निवेदकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. ‘आम्ही’ म्हणताना त्यांनी सोडलेला श्वास आपल्याला ऐकू आला नाही, तर तो पुन्हा उच्चारून दाखवणारे कोणी उरलेले नाही. त्या विद्यार्थ्याने आपला तक्ता पुन्हा प्रारंभापासून तयार केला आहे.