पेशीपटलातील मेद आणि सर्पविषातील विकर

पावसाळा सुरू झाला म्हणजे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कापूस, ज्वारी-बाजरी आणि भुईमूग यांच्या शेतांत माणसांचा वावर वाढतो, आणि त्याच दिवसांत सर्पदंशाचे प्रसंगही वाढतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप खान्देशात आढळतात. घोणस पायाला चावली असता थोड्याच वेळात पाय ठणकू लागतो, लाल होतो आणि सूज वर सरकू लागते. ‘विष चढले’ असे लोक म्हणतात. हे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. सुजेला लागणाऱ्या सामग्रीचा बराच भाग सापाने आणलेला नसतो. तो दंश झालेल्या माणसाच्या स्वतःच्याच पेशींत साठविलेला असतो, आणि विष फक्त तो मोकळा करते. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पटल असते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. हे पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदद्रव्यांचे बनलेले असते. या रेणूला एक शीर्ष व दोन पुच्छे असतात. शीर्षाला पाणी मानवते. पुच्छांना मानवत नाही. म्हणून हे रेणू दोन थरांत असे उभे राहतात, की शीर्षे बाहेरच्या व आतल्या पाण्याकडे आणि पुच्छे एकमेकांकडे वळलेली असतात. तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगांवरून गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी ही द्विस्तर रचना १९२५ मध्ये सुचविली.

या रेणूंपैकी अनेकांच्या मधल्या स्थानी जोडलेले पुच्छ ॲराकिडोनिक आम्लाचे असते. जोपर्यंत ते पटलात अडकलेले आहे, तोपर्यंत ते निरुपद्रवी असते. ते तोडून वेगळे करणाऱ्या विकराला फॉस्फोलिपेज ए-२ असे म्हणतात. तोडणी झाली की दोन पदार्थ उत्पन्न होतात. पहिला सुटे ॲराकिडोनिक आम्ल. शरीरातील अन्य विकरे त्यापासून प्रोस्टाग्लँडिने व ल्यूकोट्राईने बनवितात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, वेदना तीव्र होते आणि पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. दाहयुक्त सूज म्हणतात ती हीच. दुसरा पदार्थ म्हणजे एकच पुच्छ उरलेला लायसोफॉस्फोलिपिड. ‘लायसो’ या ग्रीक शब्दांशाचा अर्थ सोडविणे, विरघळविणे. हे नाव सार्थ आहे, कारण असे रेणू वाढले की पटलाची वीण उसवते आणि पेशी फुटते. नागाचे विष लेसिथिनाच्या संगतीने तांबड्या पेशी कशा फोडते, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभीच झाला होता.

येथे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यात एकेकटे विखुरलेले मेदरेणू या विकरापुढे ठेवले, तर ते फारच मंद गतीने काम करते. तेच रेणू पटलाच्या रूपाने एकत्र मांडलेले असले, तर त्याची गती शेकडो ते हजारो पटींनी वाढते. विकर प्रथम आपली एक सपाट बाजू पटलावर टेकविते. नंतर एक मेदरेणू पटलातून त्याच्या खोबणीत सरकतो, आणि तेथे कॅल्शियमाच्या साहाय्याने तोडणी होते. सारांश, पटल हे केवळ विकराचे भक्ष्य नव्हे, तर त्याला जागे करणारा घटकही होय.

हे विकर सापाचीच मिरास नाही. मानवी शरीरातही त्याचे अनेक प्रकार आहेत. घोणशीच्या विषातील विकर आणि संधिवाताच्या रुग्णाच्या सांध्यातील द्रवात विपुल आढळणारे मानवी विकर ही रचनेच्या दृष्टीने एकाच गटात मोडतात. नागाच्या विषातील विकराचे सगोत्र आपल्या स्वादुपिंडात असते. मग आपले विकर आपल्याच पेशी का फोडीत नाही? याचेही उत्तर पटलाच्या मेदात आहे. सांध्यातील त्या मानवी विकराला ऋण विद्युत्भार असलेले पटल लागते. निरोगी पेशी असे भारित मेद आतल्या थरात राखते. बाहेरचा थर बहुतांशी भाररहित असतो. जंतूंचे व मरणोन्मुख पेशींचे पटल मात्र बाहेरूनही भारित असते. म्हणून हे विकर प्रथम त्यांच्यावर चालून जाते. विषातील अनेक विकरांना असा निर्बंध नसतो. ती निरोगी पेशींच्या भाररहित पटलावरही घट्ट बसतात.

यावरून उपचारासंबंधी काही निष्कर्ष निघतात. विषात प्रथिने तोडणारी विकरेही असतात व हानीत त्यांचाही वाटा असतो. परंतु सर्वांची क्रिया त्वरित सुरू होते, हे समान आहे. घोड्यांच्या रक्तापासून सिद्ध केलेले प्रतिविष रक्तातील विष बांधून टाकते. तुटलेले पटल मात्र ते सांधू शकत नाही. म्हणून आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत गेलेला वेळ भरून येत नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. तथापि घोणस व फुरसे यांच्या दंशात रक्त गोठण्याची क्रिया आधीच बिघडलेली असते, सबब तेथे ते घेणे घातक ठरते. मण्यारीच्या दंशाबाबत तर विशेष सावधगिरी हवी. तिच्या विषातील याच कुळातील विकर मज्जातंतूंच्या टोकांच्या पटलावर आघात करते. तेथे सूज जवळजवळ नसते, पण श्वास थांबू शकतो. सूज नाही म्हणजे विष नाही, असे मानणे प्राणावर बेतणारे आहे.

या विकराला थेट अडविणारे औषधही अभ्यासले जात आहे. व्हॅरेस्प्लॅडिब हे द्रव्य मूळचे मानवी दाहविकारासाठी तयार झाले. हृद्रोगात ते उपयोगी ठरले नाही. परंतु सर्पविषातील सगोत्र विकरालाही ते रोखते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यानंतर भारत व अमेरिका येथे रुग्णांवर त्याची चाचणी झाली. प्रतिविषाची जागा ते आज घेऊ शकत नाही. तोंडाने देता येणारे असे औषध सिद्ध झाले, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर ते उपयोगी पडेल, ही त्यामागील आशा आहे. तोपर्यंत दंश झालेला अवयव न हालविता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे, हाच शास्त्रसंमत मार्ग होय.