बाण दिसला म्हणजे गोऱ्याचं सामान नव्हे

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना जंजिरा आठवतो. हे मुरुड लातूर-बार्शी वाटेवरचं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. तरीही जुनं घर पाडताना, माळ्यावरची अडगळ काढताना किंवा भंगाराच्या ढिगात कधी खाकी पट्टा निघतो, कधी बनातीचं कव्हर घातलेली निळ्या एनॅमलची पाण्याची बाटली, तर कधी पत्र्याचा चौकोनी जेवणाचा डबा. असं काही हाती लागलं की लगेच गवगवा होतो, ‘इंग्रज सोल्जरचं आहे, लाखात जाईल.’ बहुतेक वेळा ते इंग्रज सोल्जरचं नसतं आणि लाखात तर मुळीच जात नाही.

पुरावा म्हणून दाखवला जातो तो बाणाचा शिक्का. वर टोक असलेल्या तीन रेघांचा हा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण होता, हे खरंच. पण त्यावरून वस्तू ब्रिटनची किंवा गोऱ्या शिपायाची ठरत नाही. C अक्षराच्या आत बाण असेल तर माल कॅनडाचा. दोन D च्या मधे बाण असेल तर ऑस्ट्रेलियाचा. आणि आपल्या लष्कराने तर हा बाण स्वातंत्र्यानंतरही सोडला नाही. हायवेवर लष्करी ट्रक दिसला तर नंबरप्लेट बघा, पहिलं चिन्ह तोच बाण असतो.

दुसरी फसगत ‘३७’ या आकड्याची. जाड सुती पट्टे, काडतुसांचे पाऊच आणि पाठीवरची पिशवी या सगळ्या संचाला १९३७ पॅटर्न म्हणतात. विकणारा सांगतो, ‘साहेब, १९३७ चा माल आहे.’ १९३७ हे नमुना ठरल्याचं साल, माल बनल्याचं नव्हे. हाच नमुना भारतीय फौजेने स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं वापरला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचं नाव आणि वेगळं साल छापलेलं असतं, वाचायचं ते. तिथे ‘कानपूर’ दिसलं तर नाक मुरडू नये. शाही फौजेचं चामड्याचं सामानही तिथे शिवलं जायचं.

गळ्यातल्या बिल्ल्यांचंही तसंच. मण्यांच्या साखळीतले चकचकीत पोलादी बिल्ले ही अमेरिकन पद्धत. ब्रिटिश बिल्ला दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा, दोरीत ओवलेला. १९१६ पासून शिपायाला दोन मिळू लागले, एक लाल गोल आणि एक हिरवा अष्टकोनी. माणूस पडला की लाल बिल्ला नोंदीसाठी काढून न्यायचा, हिरवा देहावर ठेवायचा. सिनेमा पाहून बनवलेले पोलादी बिल्ले ‘टॉमीचे’, म्हणजे गोऱ्या शिपायाचे, म्हणून विकणाऱ्यांना हे माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं.

‘निजामाच्या मुलखातून कोण गेलं होतं इंग्रजांच्या लढाईत?’ हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. हिंगोली, जालना आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या. पहिल्या महायुद्धात निजामाचे लान्सर्स, म्हणजे घोडेस्वार, सुएझ आणि पॅलेस्टाईनला गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या घोडेस्वाराचा आहे, बाकी दोन जोधपूर आणि म्हैसूरचे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. तेव्हा माळ्यावरची बाटली कुणा टॉमीची असण्यापेक्षा पणजोबांची किंवा त्यांच्या सोबत्याची असण्याचा संभव जास्त. नाहीतर युद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी सामानातली.

   

आता मलमपट्टीचं सामान. जमवणाऱ्यांना त्याचं भारी वेड असतं आणि गैरसमजही तिथेच जिवावर बेततात.

प्रत्येक शिपायाकडे फर्स्ट फील्ड ड्रेसिंग नावाचं तळहाताएवढं खाकी पाकीट असे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पँटला त्यासाठी पुढे उजवीकडे वेगळा छोटा खिसाच शिवलेला होता. पाकिटात दोन निर्जंतुक पट्ट्या असत, कारण गोळी शिरते एकीकडून आणि निघते दुसरीकडून. जखमीला पट्टी बांधायची ती त्याच्याच खिशातली, आपली काढायची नाही, अशी शिकवण होती. आपली वेळ कधी येईल सांगता येत नाही! वापरलेली पट्टी अर्थातच फेकली जाई. म्हणून आज मिळतात ती पाकिटं न वापरलेली. ‘रक्ताचे डाग आहेत, म्हणजे अस्सल’ असं कुणी म्हणालं तर डाग नीट बघा. बऱ्याचदा ते आतल्या सेफ्टी पिनेच्या गंजाचे असतात, कधी मुद्दाम टाकलेल्या चहाचे. पाकिटावर छापलेलं साल आणि शाबूत शिलाई, किंमत या दोन गोष्टींची. आत काय आहे म्हणून फोडलंत की किंमत गेली. आतली पट्टी आता निर्जंतुक राहिलेली नसते, ती कुणाच्या जखमेला लावू नका.

‘इतक्या वर्षांत औषध मेलं असेल’ हे त्याहून धोक्याचं. मॉर्फियाची छोटी सुईवाली नळी कितीही जुनी असली तरी तो अमली पदार्थच, आणि १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा साल विचारत नाही. भाजल्यावर लावायच्या जुन्या पट्ट्यांत पिक्रिक ॲसिड असे. हेच रसायन तोफगोळ्यांत भरत. ते सुकून त्याचे पिवळे खडे झाले की घासण्यानेही स्फोट होऊ शकतो. अशी डबी दिसली तर झाकण उघडू नका, हलवू नका, पोलिसांना फोन करा. गॅस मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. शाळेच्या प्रदर्शनात तो पोरांच्या तोंडाला लावून फोटो काढायची हौस आवरा. जिवंत काडतूस सापडलं तर तेही शस्त्र कायद्यात येतं, शोकेसमध्ये नाही.

‘माझ्या घरातलं आहे, परदेशी गिऱ्हाइकाला विकेन’ असाही बेत असतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंची शंभरी कधीच उलटली आहे.

चांदीच्या भावाने सोनाराकडे जाणारी पदकं ही तर हळहळण्याचीच बाब. १९१४ ते १९२० सालांसाठीच्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये चांदी आहे खरी, पण त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या घरी पाठवलेल्या तळहाताएवढ्या काशाच्या चकतीवर नाव असतं, हुद्दा मुद्दाम नाही. सगळे मेलेले सारखे. तेव्हा पदक मोडीत घालण्याआधी भिंग घेऊन कड वाचा. माणूस युद्धात गेला असेल तर ते नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत इंटरनेटवर फुकट शोधता येतं.